नवी साखर आणि सैल पायजमा

घोडेगावच्या बाजारात मी समोरून येताना दिसले की काही माणसं रस्ता ओलांडून पलीकडं जायची. माझं नाव मंदाकिनी, पण जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत त्या नावानं मला फारसं कुणी ओळखत नव्हतं. ‘कॅन्सरवाली बाई’ हीच माझी ओळख. शिनोलीला एका लग्नाला गेले होते, तर नवरीच्या चुलतीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बाई, पावणी म्हणून आलात का कामावर आलात?” पावणी म्हणून, असं सांगितल्यावर तिनं मला आग्रह करून दोन जिलब्या जास्त वाढल्या, पण मी परत निघेपर्यंत तिचा जीव काही भांड्यात पडला नाही.

नोकरीच तशी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या भागात कॅन्सरची नोंदणी सुरू केली. सरकार माणसं मोजतं तसं आम्ही हा एक आजार मोजायचो. कुठल्या गावात, कुणाला, कुठल्या अवयवाचा, कधी कळला, माणूस जगला की गेला. घोडेगावात खताच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खालून युरियाचा वास यायचा आणि वर आम्ही तिघं फॉर्म भरत बसायचो. मी सगळ्यात जास्त फिरतीवर, कारण मला एसटी लागत नव्हती. हीच माझी खरी पात्रता.

लोकांना वाटायचं, आम्ही दवाखान्यातून माहिती आणतो. दवाखान्यात निम्मीच मिळायची. निम्मी माणसं दवाखान्यापर्यंत जायचीच नाहीत. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदवहीत मरणाचं कारण म्हणून ‘म्हातारपण’, ‘पोटात दुखून’, ‘अचानक’ असं लिहिलेलं असायचं. एका ग्रामसेवकानं ‘देवाज्ञा’ असं लिहिलं होतं. मी त्याला म्हटलं, “भाऊ, देवाज्ञेनं सगळेच जातात, आजार कुठला ते लिहा.” तो म्हणाला, “ताई, देवाच्या वर मी काय लिहिणार?” मग मी दहाव्याला मुंडन करणाऱ्या कारागिरांकडं चौकशी करायला लागले. कोण गेलं, किती दिवस अंथरुणावर होतं, शेवटी पिवळं पडलं होतं का, हे त्यांना कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगलं ठाऊक असायचं.

पिवळं पडणं हे मी मुद्दाम सांगतेय. आमच्या नोंदणीच्या डॉक्टर होत्या डॉ. सबनीस. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, बोलायला तिखट, महिन्यातून दोनदा पुण्याहून यायच्या. एकदा त्यांनी फॉर्म चाळता चाळता सातआठ फॉर्म बाजूला काढले आणि म्हणाल्या, “मंदाताई, हे सगळे स्वादुपिंडाचे. निदान झालं आणि काही महिन्यांत संपले. हे लोक आपल्याला आधी का सापडत नाहीत?”

स्वादुपिंड म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच नीट कळलं. पोटाच्या मागं, कण्याला चिकटून आडवं पडलेलं, मक्याच्या लहान कणसाएवढं. अन्न पचवायचा रस तेच करतं आणि रक्तातली साखर आवरायचं कामही त्याचंच. त्याला गाठ झाली तर हाताला लागत नाही, दुखत नाही. कावीळ दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यातून आमच्याकडं कावीळ झाली की माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडं जातो. तो चुन्याच्या पाण्यात हात धुतो, पाणी पिवळं होतं, आणि सगळे खूश. पाणी पिवळं झालं म्हणजे कावीळ पाण्यात गेली. एका पेशंटची कावीळ अशी पाच वेळा पाण्यात गेली आणि सहाव्या वेळी पेशंटच गेला.

सबनीस डॉक्टरांच्या डोक्यात एक गोष्ट होती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला, घरात कुणाला नसताना, अचानक साखर निघाली आणि त्याच सुमाराला तो काही न करता वाळायला लागला, तर ती साखर कधी कधी साधी नसते. ते कणीस आतून किडायला लागल्याची ती खूण असू शकते. “असू शकते,” हे त्या दोनदा म्हणाल्या. मी एकदाच ऐकलं, ही माझी चूक.

तर काम असं ठरलं. या रोगानं गेलेल्या प्रत्येकाच्या घरी जायचं. साखर कधी निघाली, वजन कधी उतरलं, विचारायचं. आणि तुलनेसाठी त्याच गावातला, त्याच वयाचा एक धडधाकट माणूस शोधून त्यालाही तेच प्रश्न विचारायचे. या धडधाकट माणसाला आम्ही फॉर्मवर ‘जोडीदार’ म्हणायचो.

शिनोलीच्या हरिभाऊंना मी भाबडेपणानं हे सांगून बसले. हरिभाऊ एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, ओट्यावर तंबाखू मळत बसलेले.

“कुणाचा जोडीदार म्हनलीस?”

“पलीकडच्या आळीतले धोंडिबा वारले ना, त्यांचा.”

“मेलेल्याच्या जोडीला मला लावती व्हय? आं? जिता व्हता तवा त्यानं मला कधी चहाला बोलावलं न्हाई, आन् आता जोडीला पायजे?”

आतून त्यांच्या मंडळी ओरडल्या, “न्या वं बाई, खुशाल न्या. हितं तरी काय कामाचे हायेत!”

हरिभाऊंनी शेवटी सगळी उत्तरं दिली. जाताना म्हणाले, “माझं नाव पेन्शिलीनं लिव्ह.”

खरी अडचण वजनाची होती. वजन कुणाचंच कधी केलेलं नसायचं. विधवा बाईला विचारावं, “ते जायच्या आधीच्या दिवाळीला त्यांचं वजन किती होतं?” तर ती बिचारी हातानं दाखवायची, “एवढे व्हते, मग एवढे झाले.” हा आकडा फॉर्मवर कसा लिहायचा? यावर तोडगा मला एका सुतकाच्या घरात सापडला. तिथल्या मुलानं सांगितलं, “बाबांचे पायजमे सैल व्हायला लागले, तवा बबनमामांकडनं दोनदा आत घेऊन आणले.”

बबनमामा घोडेगावचे जुने शिंपी. मी गेले तेव्हा त्यांनी मशीनखालचा पत्र्याचा डबा ओढला. आत वह्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, छाती, कंबर, उंची आणि सण. तारीख नाही, सण. ‘पोळा’, ‘दिवाळी’, ‘पोरीचं लगीन’. धोंडिबांच्या नावापुढं एका दिवाळीला कंबर छत्तीस होती, पुढच्या दिवाळीला तेहेतीस, आणि त्यानंतरच्या शिमग्याला तीस.

मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “बाई, माणूस डॉक्टरकडं जायच्या आधी माझ्याकडं येतो. मला कळतं, पण मी काय बोलनार? मी म्हनतो, ‘बारीक झालात पावणं, ब्येस दिसताय.’”

सबनीस डॉक्टर त्या वह्या बघायला खास आल्या आणि दुकानातल्या स्टुलावर बसून दिवसभर उतरवून घेत राहिल्या. आरोग्य केंद्रातली साखरेची नोंद एका बाजूला, मामांची कंबर दुसऱ्या बाजूला. गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत काविळीच्या कितीतरी आधी साखर निघालेली आणि कंबर उतरलेली दिसत होती. सगळ्यांच्या नाही, पण सोडून द्यावं इतक्या थोड्यांच्याही नाही. जोडीदारांच्या कंबरा मात्र जागच्या जागी होत्या. हरिभाऊंची तर वाढली होती.

मग आम्ही उलटं काम सुरू केलं. मेलेल्यांच्या मागं जाण्याऐवजी जिवंत माणसांच्या पुढं राहायचं. तपासणी शिबिरांतून पन्नाशीनंतर नव्यानं साखर निघालेल्यांची यादी केली. दर तीन महिन्यांनी मी पिशवीत वजनकाटा घेऊन त्यांच्या दारात. तळेघरला चढ चढून काटा न्यायचा म्हणजे माझंच वजन कमी व्हायचं. तिथं माणसाआधी कोंबड्या, बोकड आणि नाचणीची पोती काट्यावर चढायची. एकदा एका आजीनं भांडण मिटवायला दोन्ही सुनांना चढवलं, कोण जास्त खातं ते बघायला. भांडण वाढलं.

तळेघरच्या वाटेवर गेणूबाबा राहायचे. साठीचे, चार भातखाचरांचे मालक, दोन मुलगे, दोन लेकी. साखर नवी, आणि तीन महिन्यांत वजन सहा किलो खाली. मी काट्याकडं दोनदा बघितलं. माझ्या छातीत धडधडायला लागलं आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत थोडा आनंदही होता. यादीला पहिला माणूस लागला होता. मी त्यांच्या मुलांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नको ते, नको तितकं सांगितलं.

दोन दिवसांत लेकी सासरहून रडत आल्या. भावकी जमली. पुण्याला तपासणीची तारीख पंधरा दिवसांनी मिळाली, आणि त्या पंधरा दिवसांत गेणूबाबांनी, मागं पोरांत भांडणं नकोत म्हणून, तलाठ्याकडं जाऊन चारही खाचरं मुलांच्या नावावर केली.

पुण्यात सगळं झालं. रक्त, फोटो, स्कॅन. काहीही निघालं नाही. शेवटी तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरनं त्यांना विचारलं, “बाबा, तुम्ही जेवता काय?”

“आंबील.”

“आणि?”

“आंबीलच. दात काढल्यालं हायेत. कवळी दिली व्हती, ती टोचती. ट्रंकेत ठिवलीय.”

आमच्या फॉर्मवर प्रश्नांची दोन पानं होती. चावता येतं का, हा प्रश्न त्यात नव्हता. आणि तो विचारायची अक्कल मलाही नव्हती.

पुढच्या वेळी मी तळेघरला उतरले तेव्हा गेणूबाबा स्टॉपवरच बसले होते. कवळी दुरुस्त झाली होती, गालही थोडे भरले होते. “ये,” म्हणाले. “तुझ्या काट्यानं माझं वजन न्हाई, माझा सातबारा हलका केला. पोरं आता खाचरं परत देत न्हाईत. म्हनत्यात, बाबा, आता कशाला पायजेत तुमाला?”

मी मुलांकडं गेले, हात जोडले. थोरल्यानं त्याच्या वाटची खाचरं परत दिली, धाकट्यानं नाही दिली. माझ्या नोकरीतली ही गोष्ट मी विनोद म्हणून पुष्कळांना सांगितली आहे आणि लोक हसतातही. पण गेणूबाबा शेवटपर्यंत धाकट्याच्या खाचरात मजुरासारखे राबत राहिले, हे मी सहसा सांगत नाही.

या प्रकरणानंतर ऑफिसातून हुकूम निघाला. फिरतीवरच्या माणसानं रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही. “वजन कमी झालंय, डॉक्टरांना दाखवून घ्या,” एवढं एकच वाक्य बोलायचं. मला तो हुकूम आवडला. माझं दोन तालुक्यांत हसू झालं होतं. एसटीचा कंडक्टरसुद्धा विचारायचा, “बाई, आज कुणाची वाटणी?”

आता चंद्राक्काबद्दल.

आळेफाट्यावर ट्रक थांबतात तिथं चंद्राक्काची खानावळ होती. नवरा लवकर गेलेला, मुलगा संतोष शेजारीच गॅरेज चालवायचा. आक्काच्या पिठलं-भाकरीसाठी नाशिककडचे ड्रायव्हर भूक मारून फाट्यापर्यंत यायचे आणि तिच्या शिव्या खाऊन, जेवून जायचे. आमच्या यादीत बायका कमी होत्या, कारण साखर तपासायला बायका यायच्याच नाहीत. आक्कासुद्धा शिबिरात डॉक्टरांचं जेवण घेऊन आली होती. एका नर्सनं थट्टेत तिचं बोट टोचलं आणि साखर निघाली. वय सत्तावन्न.

चैत्रात मी गेले तेव्हा तिचं वजन चार किलो उतरलं होतं. मी माझं एकमेव वाक्य बोलले.

“उन्हाळ्यात म्हशी बी उतरत्यात,” ती म्हणाली. मग तवा खाली ठेवून तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “काय भ्या हाय का, मंदे?”

“तसं काही नाही,” मी म्हणाले. “दाखवून घ्या, एवढंच.”

तिनं दाखवलं नाही. कशाला दाखवेल? मीच सांगितलं होतं, तसं काही नाही.

तीन महिन्यांनी गेले. ती भाकरी थापत होती आणि प्रत्येक थापेसरशी बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जात होत्या. काट्यावर चढवायचीही गरज नव्हती. मी परातीशेजारी बसले आणि म्हणाले, “आक्का, मला हे बोलायची परवानगी नाही. पण तुमची साखर मला साधी वाटत नाही.” मग कणसापासून सगळं सांगितलं, आणि या वेळी “असू शकतं” हे शब्द मीही दोनदा उच्चारले.

संतोष हात पुसत गॅरेजमधून आला. “बाई, आईला घाबरवू नका. तळेघरच्या म्हाताऱ्याची गोष्ट फाट्यापतुर आलीया.”

“त्यांना काही निघालं नाही, हे खरं आहे,” मी म्हणाले. “तुझ्या आईलाही निघू नये. पण या वेळी मी आधी दात बघतेय.”

आक्कानं तोंड उघडून दाखवलं. “सगळे हायेत. आन् खाते बी दोन ड्रायव्हरांएवढं. तरी वाळतेय.” मग मुलाकडं वळली. “मला जमीन बी न्हाई वाटायला. काय निघालं न्हाई तर एक दिवस खानावळ बंद, दुसरं काय?”

मंचरला सोनोग्राफी केली. रिपोर्ट आला, नीट दिसत नाही, पोटात वायू आहे. संतोष म्हणाला, “झालं समाधान?” मला तिथंच थांबता आलं असतं. कुणी मला दोष दिला नसता. पण मी सबनीस डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, “मागच्या वेळेसारखं झालं तर आपली यादीच बंद होईल, माहितीय ना?” मी म्हणाले, माहितीय. त्यांनी पुण्याला स्कॅनची वेळ घेऊन दिली.

बोराएवढी गाठ होती. कावीळ नव्हती, काही नव्हतं, नुसती बोराएवढी गाठ. सर्जन म्हणाले, आणखी थोडी वाढती तर मी हात लावला नसता. ऑपरेशन दिवसभर चाललं. संतोष आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो.  तो एकदा उठून गेला आणि दोन चहा घेऊन आला.

दीड महिन्यानं मी तिच्या घरी गेले. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. सगळे माझं कौतुक करत होते, तिची जाऊ तर माझ्या पाया पडायला निघाली. मला ते सोसेना. सगळे बाहेर गेल्यावर मी म्हणाले, “आक्का, चैत्रात तुम्ही मला विचारलं होतं, भ्या हाय का. मला तेव्हाच शंका होती. मी खोटं बोलले.”

“का?”

“माझं हसू झालं होतं. परत होईल म्हणून.”

“म्हंजी तुझ्या लाजंपायी माझं तीन म्हैनं गेलं.”

“हो.”

तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. मग म्हणाली, “आज जा तू.”

मी गेले. पुढचे तीन आठवडे आळेफाट्याच्या गाडीत बसायचा मला धीर झाला नाही. एके दिवशी एक ट्रकवाला खताच्या दुकानाशी ट्रक उभा करून जिना चढून वर आला. “कॅन्सरवाली बाई कोन? आक्कानं सांगितलंय, काटा घेऊन या.”

मी काटा घेऊन गेले. तिचं वजन दीड किलो वाढलं होतं. चैत्राचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही.

सहा महिन्यांत खानावळ सुरू झाली. आक्का आता निम्मं जेवायची, गोळ्या मोजून घ्यायची, इन्शुलिन स्वतः टोचायची आणि शिव्या पूर्वीइतक्याच द्यायची. वर एक नवीन उद्योग तिनं काढला. जेवायला बसलेल्या ड्रायव्हरांकडं बघून ती ओरडायची, “ए, बेल्टाला नवं भोक कवा पाडलंस? साखर तपासली का?” दर महिन्याला दोन-तीन घाबरलेले ड्रायव्हर आमच्या ऑफिसात यायचे. ते नगरचे, नाशिकचे, एक तर इंदूरचा. आमच्या तालुक्यांत ते बसत नव्हते, म्हणून फॉर्म भरता यायचे नाहीत. तरी मी वजन करायची. कुणाला तसलं काही निघालं नाही, पण दोघांचा टीबी सापडला.

मी एकदा सबनीस डॉक्टरांना म्हणाले, “म्हणजे यादी चालते ना?” त्या म्हणाल्या, “मंदाताई, एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही.” मी हे आक्काला सांगितलं. ती म्हणाली, “त्यास्नी सांग, माझ्यापुरतं झालंय.”

पुढं ऑफिसात कॉम्प्युटर आला. आमचे फॉर्म आणि बबनमामांच्या वह्या त्यात भरल्या. हिशेब असा निघाला की खूण खरी आहे, पण तिच्या मागं लागलं तर एका आक्कासाठी गेणूबाबा फार होतात. त्यासाठी दोन तालुके पुरत नाहीत, लाखो माणसांच्या नोंदी लागतात. थोड्या वर्षांनी नव्या साखरेची यादी बंद झाली, नोंदणी तेवढी चालू राहिली. आता ऐकते की मोठमोठ्या देशांत हेच काम मशीनवर करतात. करोत. त्यांनी फक्त दातांचा प्रश्न विसरू नये.

आक्काला तो रोग पुन्हा आला. या वेळी यकृतात. ती जास्त दिवस अंथरुणावर राहिली नाही. तेराव्यानंतर मी नेहमीसारखी फॉर्म भरायला संतोषकडं गेले. त्यानं खुर्ची दिली, कागदपत्रं समोर ठेवली आणि आत चहा टाकायला गेला.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना असतो: रोग कळल्यापासून मृत्यूपर्यंत किती महिने. त्याला दोन चौकटी, डावी दशकाची, उजवी एककाची. स्वादुपिंडाच्या फॉर्मात मी त्यातली डावी चौकट वर्षानुवर्षं शून्यानं भरत आले होते. शून्य चार, शून्य सात, शून्य तीन. हाताला इतकी सवय झालेली की तिच्याही फॉर्मात मी शून्य लिहून बसले. मग निदानाची तारीख बघितली, बोटांवर वर्षं मोजली. पाच पुरी होऊन वर काही महिने उरले. खाडाखोड केली तर शेजारी सही करायची असा आमचा नियम होता. मी शून्य खोडलं, सही केली आणि सहा लिहिला.